सवडीनं या

पहाटे पावणेसहाला पुण्याहून बीडची एसटी सुटली. मला डाव्या बाजूची खिडकी मिळाली, म्हणजे ऊन चढेपर्यंत सावलीची. आदल्या दिवशी कागदावर दिशा काढून मी हे ठरवलंच होतं. तन्वी, ईशान, तुम्ही हसाल. तुमचा बाबाही हसेल, कारण हे सगळं तुम्हाला तोच वाचून दाखवणार आहे. तुम्हाला मराठी छान समजतं, पण माझं अक्षर लागायला अजून एकदोन उन्हाळे जावे लागतील. तोवर आवाज त्याचा आणि शब्द माझे, असं चालू दे.

मी निघाले होते निर्मलाकडे. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत होतो. मी पुण्यात राहिले आणि आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. ती पाटोद्याजवळच्या आपल्या गावी परतली आणि तिथल्या शाळेत बाई झाली. आता दोघीही निवृत्त. दर उन्हाळ्यात ती मला वाळवणाला (कुरडया, शेवया, पापड करून उन्हात वाळवतात त्या कामाला) बोलावते आणि दर उन्हाळ्यात मी काहीतरी कारण सांगते. यंदा फोनवर ती म्हणाली, "सुधा, या वेळी येच. एका मुलीच्या दहावीचा प्रश्न आहे."

"इंग्रजी कच्चं आहे का तिचं?"

"इंग्रजी बरं आहे गं. शेजार कच्चा आहे."

एवढंच बोलून तिने फोन ठेवला. वसतिगृहातही ती अशीच अर्ध्यावर सोडून झोपी जायची.

नगर मागे पडलं, मग कडा, आष्टी. जामखेडच्या पुढे उन्हाने सगळ्या वस्तूंच्या कडा पुसायला सुरुवात केली. नांगरून टाकलेली काळी रानं, त्यापलीकडे बालाघाटाचे सपाट माथ्याचे डोंगर, जणू कुणी तळहाताने दाबून बसवलेले. रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसे आणि गाडी तिथे पोचेपर्यंत ते आणखी पुढे सरके. मी डोळे मिटत होते, उघडत होते. मध्ये किती वेळ गेला ते कळत नव्हतं. मी घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं, आणि माझ्या बाबतीत ही बातमीच आहे.

वाटेत पुन्हा पुन्हा एक दृश्य येत होतं. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत गुंडाळलेल्या चटया, पातेली, उलटी बाज, बाजेच्या पायाला बांधलेली कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. ऊसतोडीहून घरी परतणारी कुटुंबं. दसऱ्यानंतर इथली कितीतरी घरं कुलूप लावून दूरच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागला की परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. शेजारच्या सीटवरच्या बाईने मला हे सांगितलं आणि विचारलं, "तुमी कितीजन हाव घरात?"

"मी एकटीच."

"मंजी अर्धा कोयता," ती म्हणाली आणि स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली.

तिच्याशी बोलण्याच्या नादात मी एक फाटा आधीच उतरले. गाडी निघून गेल्यावर आजूबाजूला एक कडुलिंबाचं झाड, एक बंद टपरी आणि मी. लिंब मोहरला होता, त्याचा कडसर गोड वास उन्हात तरंगत होता. लांब कुठेतरी मोर ओरडला, मग दुसरा. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी बॅगेवर बसून राहिले. अर्ध्या तासाने एक मोटारसायकल आली. तिच्यावरचे गृहस्थ थांबले.

"मावशी, हितं कावून उतरल्या?" ('कावून' म्हणजे का.)

"चुकून."

"चुकलं तरी सावलीला चुकलात, बरं झालं. बसा मागं."

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मांडीवर बॅग घेऊन, मी मोटारसायकलवरून गावात शिरले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढची गोष्ट एका मुलीची आहे आणि तिला अजून तिथेच वाढायचं आहे.

गाव पहिल्यांदा दिसलं ते पांढरं. स्लॅबवर, पत्र्यांवर, अंगणातल्या बाजांवर, जिथे बघावं तिथे जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यावर कुरडयांची चक्रं. तुमच्या कॅलगरीला पहिल्या बर्फानंतर गल्ली दिसते ना, तसं. फक्त इथे त्या बर्फाला गव्हाचा वास होता आणि त्याच्या राखणीला हातात काठ्या घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या.

निर्मला दारात उभी होती. केस सगळे पांढरे, पाठ अजून ताठ. तिने आधी रांजणातलं पाणी दिलं, मग चहा, आणि मग जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (धान्यं आणि मसाला भाजून, दळून ठेवतात ते येसर). आमटी तिखट होती, माझ्या नाकातून पाणी आलं. जेवताना माझी नजर तिच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. त्या एका मोठ्या खिळ्याला एक किल्ली होती. पितळी, लाल दोऱ्यात ओवलेली.

"ही सोजरची, जोडकिल्ली. ती आता परतली आहे, तरी ही इथेच असते," निर्मला म्हणाली. "ऊसतोडीला जाताना इथे घराची किल्ली शेजारच्या घरी देऊन जातात. भिंतीला भिंत असेल त्या घरी. तीच रीत. शेजारीण रोज अंगण झाडते, संध्याकाळी दिवा लावते, घरात म्हातारं माणूस मागे राहिलं असेल तर त्याला भाकरी देते. सोजर मात्र सहा वर्षं किल्ली माझ्याकडे ठेवते. मी चार घरं लांब राहते."

"का?"

"तिची सासू वारली तेव्हापासून शेजारच्या कौसल्याशी बोलणं नाही. काय झालं ते दोघी सांगत नाहीत."

मग तिने दहावीचं सांगितलं. सोजरची मुलगी मनीषा नववी झाली होती. धाकटा भाऊ सहा वर्षांचा, तो आईबापाबरोबर फडावर (ऊस तोडतात त्या रानात) जाईल. पण मनीषा गेली तर शाळा सुटली. इथे ठेवावी तर रात्री कुणाच्या घरी? वडलांचं म्हणणं होतं, वयात आलेली पोर भिंतीला लागून असलेल्या घरीच ठेवीन, चार घरं लांबही नाही. आणि निर्मला तर हिवाळ्यात मुलाकडे जाते. दरम्यान एक स्थळ आलेलं होतं. आकितीपर्यंत (अक्षय तृतीया) उत्तर द्यायचं होतं. आकितीला आठ दिवस उरले होते.

"आणि कौसल्या ठेवून घेईल?"

"विचारलं तर. पण सोजर विचारायची नाही, आणि ही आपणहून म्हणायची नाही."

मी माझ्या सवयीप्रमाणे वही काढली आणि उपाय लिहायला घेतले. निर्मलाने वही मिटली. "उद्या शेवयांना बैस," ती म्हणाली, "मग लिही."

शेवयांची बैठक निर्मलाच्याच ओसरीत होती. बाजेला घट्ट बसवलेलं लोखंडी यंत्र, एकजण मूठ फिरवते, दुसरी खालून उतरणाऱ्या शेवया काठीवर झेलते. दहाबारा बायका होत्या. काही मोठ्या शेतांच्या घरच्या, काही नुकत्याच ट्रॉलीतून उतरलेल्या, उन्हाने तांब्यासारख्या झालेल्या. कौसल्या एका टोकाला, थोराड, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोजर दुसऱ्या टोकाला, किडकिडीत, पण मनगटं पुरुषासारखी. त्या दोघींच्या मधे सगळी ओसरी होती.

निर्मलाने या बैठकीला फार वर्षांपूर्वी एक नियम घालून दिला आहे. आधी बायका इथे बसल्या की दुसऱ्यांच्या घरातलं बोलत आणि शेवया वाळायच्या आत भांडणं होत. म्हणून तिने ठरवलं: दुसऱ्याचं सांगायचं नाही, आपलं सांगायचं. सांगणारीला मधे तोडायचं नाही, आणि हात थांबवायचा नाही. शिवाय एक गंमत अशी, की जिच्याशी जोडी लागली असेल तिने ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायची, पण 'मी' म्हणून. जणू ती तिच्यावरच गुजरली.

मला ते शाळेतल्या नाट्यछटेसारखं वाटलं. पण मग एक विशीतली सून आदल्या दिवशी ऐकलेली, पंचाहत्तर वर्षांच्या राधाबाईंची गोष्ट सांगू लागली.

"मी सात वर्साची व्हते. नवरदेव बघाया आला तर मी कनगीत लपले..." (कनगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची कोठी.)

"कनगीत न्हाई गं, कडब्यात!" राधाबाई ओरडल्या. "कनगीत मावले असते का मी? तवा बी अशीच व्हते, गुबगुबीत!"

"आजी, मधी बोलायचं न्हाई!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

सून पुढे सांगत गेली. कडब्यातून काढून बोहल्यावर कसं उभं केलं, सासरी पहिल्या दिवशी आईला हाक मारली तर सासूने ओ दिली, आणि मी रडले. इथे त्या सुनेचा आवाज तुटला. ती स्वतः सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. राधाबाई शेवया झेलता झेलता म्हणाल्या, "रड, रड. मी बी रडलेच व्हते." आणि हसल्या.

माझं हसू थांबलं. मी वही पिशवीत ठेवली.

दुपारी शेवया वाळत घातल्या आणि सगळ्या घरोघरी गेल्या. राखण करायचं काम मी मागून घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री, लिंबाखाली बाजेवर मी टेकले. वारा गरम, पण लिंबाच्या सावलीतून गाळून येत होता. शेवयांच्या रांगा हलत होत्या. मला वाटलं, तुमच्या अंगणात बसले आहे, वरून बर्फ पडतो आहे, तुमचे आजोबा शेजारी स्वेटर घालून बसले आहेत आणि म्हणताहेत, सुधा, कुरडई तळ ना. मी म्हणते, अहो, अजून ओली आहे. ते म्हणतात, मग सवडीने तळ.

जाग आली ती हसण्याने. एक शेळी निवांत उभी राहून समोरच्या बाजेच्या कोपऱ्यातल्या शेवया चघळत होती. आणि चारपाच बायका तिला न हाकलता मला बघत होत्या.

"पुण्याचे राखनदार झोपले," कौसल्या म्हणाली.

"झोपू द्या की. शेळीचं बी भागलं, त्येंचं बी भागलं," सोजर म्हणाली.

त्या दोघी एकाच वाक्यावर हसल्या होत्या. लक्षात येताच दोघींनी माना दोन दिशांना फिरवल्या.

दुसऱ्या दिवशी कुरडया होत्या. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा. तळाशी पांढराशुभ्र दाट चीक बसतो. सकाळी तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं, त्यात पाण्याला उकळी. एका बाईने चिकाची बारीक धार सोडायची, दुसरीने लांब लाकडी दांड्याने घाटत राहायचं. धार थांबली किंवा हात थांबला की गुठळ्या होतात आणि सगळ्या घराचं वर्षाचं वाळवण वाया जातं. चीक घाटायला कौसल्याचा हात गावात पहिला. आणि भरलेली कळशी उचलून न थरथरता धार धरायला, निर्मला म्हणाली, सोजरसारखी मनगटं कुणाची नाहीत.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पण चीक तयार होता, पाणी उकळत होतं आणि बाकीच्या बायका सोऱ्या (कुरडया पाडायचा साचा) पुसत बसल्या होत्या. सोजरने कळशी उचलली. कौसल्याने दांडा धरला.

धार सुरू झाल्यावर निर्मला माझ्याकडे वळली. "सुधा, आज पहिली गोष्ट पाहुण्यांची."

मी घाबरले. आयुष्यभर वर्गासमोर बोललेली मी, पण स्वतःचं कधी बोलले नव्हते. मुलांनो, आता जे लिहिते आहे ते बाबाने अडखळत वाचलं तर त्याला अडखळू द्या.

मी सांगितलं, "माझे यजमान एका मंगळवारी सकाळी गेले. चहाचा कप हातात होता. मुलगा परदेशात. मी त्याला फोन केला आणि म्हटलं, बाबांना जरा बरं नाही, दवाखान्यात आहेत. घाबरू नकोस. तिकीट नीट बघून काढ, घाई नको. नातेवाइकांनाही बजावलं की त्याला कुणी काही कळवायचं नाही. मला वाटलं, इतक्या लांबच्या प्रवासात एकट्याने हे घेऊन त्याने कसं बसावं? त्याने माझं ऐकलं. घाई केली नाही. चौथ्या दिवशी आला, तोवर पुतण्याने सगळं केलं होतं. मुलाने बाबांसाठी गुडघ्याला बांधायची पट्टी आणली होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि विचारलं, आई, तू मला खरं का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू दमला आहेस, आधी जेव. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन येतो. आम्ही हवेबद्दल बोलतो. पट्टी माझ्या कपाटात आहे."

  चुलीतल्या काटक्या तडतडत होत्या. मग दांडा फिरवता फिरवता, पातेल्यात बघत, कौसल्या बोलायला लागली.

"मी बी तसंच केलं व्हतं.

"म्हातारी पहाटंच गेली. चहा घेऊन गेलते तर हात गार. फोन लावायचा तर काय सांगायचं? ही तिकडं फडावर, आठ महिन्याची पोटुशी. अशा बाईला अशी खबर फोनवर देऊ नये. वाटंत काय झालं मंजी? मनून मी म्हनले, मामींची तब्येत जरा नरम हाय. घाबरू नका. सवडीनं या."

सोजरची धार जाड झाली. "धार बारीक," निर्मला हळूच म्हणाली. धार बारीक झाली.

"दिस मावळंस्तोवर वाट बघितली. मग मानसं म्हनली, आता ठिवता यायचं न्हाई. आमच्या मालकांनी अग्नी दिला. त्येंची सोताची आई जित्ती असताना. डोकं भादरलं. माझ्या सासूनं वरीसभर त्येंच्या हातचं पानी घेतलं न्हाई. म्हनायची, मी हाय तवर दुसऱ्याच्या आईला आई केलीस. आन् ही मानसं तिसऱ्या दिशी आली. मागून कळलं, उसाची गाडी भरून मग निघाली. मला वाटलं, ज्यास्नी गाडी मोठी, त्येंच्यापायी आमी घरात इतकं वंगाळ करून घेतलं. मी बोलायची बंद झाले. बास."

चीक शिजून पारदर्शक झाला होता. सोजरने रिकामी कळशी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि चालू लागली. कुणी अडवलं नाही. बायकांनी गरम चीक वाट्यांत घेऊन दूध-गूळ घातला, मलाही दिला. मऊ, गरम, गोडसर. मला तो गिळवेना. ओसरीच्या खांबाला टेकून मनीषा उभी होती, सावळी, दोन वेण्यांची. ती आई गेली त्या वाटेकडे बघत होती. मग तिने सोऱ्या उचलला आणि आईच्या वाटणीच्या कुरडया ती पाडू लागली.

"निर्मला, तू मला कुरडयांसाठी बोलावलं नव्हतंस," मी संध्याकाळी म्हणाले.

"तुझ्या कुरडया बघितल्या मी," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी कोण बोलावेल?"

"उद्या ती आली नाही तर?"

 निर्मला खिळ्याकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी उडदाचे पापड होते. सगळ्या आल्या, सोजर नव्हती. निर्मलाने लाट्या वाटल्या. कौसल्याला माझी गोष्ट सांगायची होती, कारण माझ्यानंतर बोलून तिनेच माझ्याशी जोडी लावली होती. तिने लाटणं चालू ठेवून सुरुवात केली.

"मी पुन्याची मास्तरीन. एका मंगळवारी माझे मालक गेले. हातात चहाचा कप व्हता." ती थांबली नाही, चुकली नाही. "मी लेकाला म्हनले, घाई करू नगं. माझं लेकरू इमानात एकलं बसलं असतं. त्येच्या शेजारी रडाया कोन व्हतं? मनून न्हाई सांगितलं. पर लेकरू म्हनलं, खरं का न्हाई सांगितलं? तवा मी सांगायला पायजे व्हतं, की मला बी एकलीला त्ये तोंडानं म्हनवंना. म्हनले असते तर खरं झालं असतं. त्ये मी न्हाई सांगितलं. म्हनले, जेव."

मुलांनो, हे शेवटचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. माझ्या हातातला पापड कधी फाटला ते कळलं नाही.

मान वर केली तर सोजर उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती येऊन कौसल्यासमोर बसली, पोळपाट पुढे ओढला, एक लाटी घेतली.

"मी कौसल्या," ती म्हणाली.  "म्हातारी पहाटं गेली. तिचा हात गार. मी फोन लावला. तिकडं माझी शेजारीन आठ महिन्याची पोटुशी. तिला काय व्हऊ नये मनून मी म्हनले, सवडीनं या." लाटणं फिरत होतं. "माझ्या मालकांनी परक्या म्हातारीला अग्नी दिला. सासूनं त्येंच्या हातचं पानी सोडलं. वरीसभर मी दोघांच्या मधी मेले. आन् जिच्यापायी क्येलं तिनं..." लाटणं थांबलं. नियम मोडला होता, पण निर्मलाने नुसती पुढची लाटी सरकवली.

सोजरने पहिल्यांदा मान वर करून कौसल्याकडे पाहिलं.

"आक्का, आता माझं सांगते. तुझा फोन आला तवा मी मालकांना म्हनले, निघू. ते म्हनले, आक्का सवडीनं म्हनल्या, मंजी तसं काय न्हाई. अर्धी गाडी भरायची व्हती. तशीच टाकली तर दुसऱ्या कोयत्याच्या डोक्यावर पडती. भरली. वाटंत म्हातारीला मनून बाटलीभर काकवी घेतली. दारात आले तर अंगन सारवलेलं, आन् तू माझ्याशी बोलंना. मला वाटलं, आमी ऊसतोडीचे. आमच्या मानसाचं मरान येळंवर सांगावं, एवढी बी आमची किंमत न्हाई." ती थांबली. "आमी सवडीनं आलो, आक्का. तू म्हनलीस मनून."

कौसल्याने पदर तोंडाला लावला.  अंगणात कुरडया वाळताना बारीक कडकड वाजत होत्या. मग तिने नाक पुसलं आणि एकदम दाराकडे वळून खेकसली, "मने! तितं काय खांबासारखी हुबी? हिकडं ये."

मनीषा आली.

"माझ्या घरी निजायचं तर पहाटं उठवीन. गोठ्यात हात लावावा लागंल. अभ्यास न्हाई केला तर कान पिळीन, तुझ्या आईसारखी लाडावणारी न्हाई मी."

मनीषाने आईकडे पाहिलं. सोजर खाली बघत पापड लाटत होती, अगदी गोल.

"पिळ की," सोजर म्हणाली. "तुझाच हाय कान."

"आन् त्या सोयरिकीच्या पाव्हन्यास्नी काय सांगशील?"

"पोरगी धाव्वीला हाय म्हनून सांगीन. घरच्यास्नी बी मीच सांगते."

"आजच सांग. सवडीनं नगं," कौसल्या म्हणाली, आणि आधी राधाबाई हसल्या, मग सगळ्या. निघताना कौसल्या माझ्या मैत्रिणीला म्हणाली, "बाई, दसऱ्याला ती किल्ली तुमच्या खिळ्याला नको." निर्मलाने मान हलवली आणि आत जाऊन उगाचच भांडी वाजवली.

चौथ्या दिवशी सकाळी मी परत निघाले. योग्य फाट्यावरून. मनीषा बॅग धरून सोडायला आली होती. तिने मला एकच प्रश्न विचारला: पुण्यात पाऊस पडला की शाळा बंद ठेवतात का? मी म्हटलं, कधीकधी. ती म्हणाली, "आमच्याकडं न्हाई ठिवत. बरंय."

परतीच्या गाडीत सावलीची बाजू कुठली ते मी पाहिलंच नाही. ऊन मांडीवर येऊन बसलं. डोंगर मागे सरकत गेले, रस्त्यावरचं खोटं पाणी पुढे पळत राहिलं, आणि पिशवीतल्या कुरडया प्रत्येक खड्ड्याला बारीक वाजत होत्या. त्यातल्या वाकड्या आहेत त्या माझ्या. गाडीत अर्धवट झोपेत मला सोजरचा आवाज ऐकू येत होता, मी कौसल्या. किती साधी युक्ती आहे. दुसऱ्याच्या गोष्टीत शिरून थोडा वेळ 'मी' म्हणायचं. तेवढ्यासाठी सहा वर्षं गेली, आणि एका मुलीची शाळा जवळजवळ गेली.

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. पट्टी खोक्यातच आहे, लेबलसुद्धा काढलेलं नाही. ती टेबलावर ठेवली आणि हे लिहायला बसले. आज आठवं पान आहे.

तन्वी, ईशान, आता नीट ऐका. पहिल्या ओळीपासून बाबा हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो आहे. मी निघाले, मी झोपले, मी फोन केला, मी खरं सांगितलं नाही, हे सगळं त्याच्या तोंडून 'मी' म्हणून गेलं आहे. म्हणजे माझी गोष्ट त्याने सांगून झाली. नियमाप्रमाणे आता त्याची पाळी. ती मला ऐकायची आहे. मी मधे बोलणार नाही, आणि आधी जेव असंही म्हणणार नाही.

आनंद, मागच्या वेळी मी घाई नको म्हटलं होतं. या वेळी खरं सांगते. लवकर ये.